‘आय हिअर यू’ म्हणजे होकार नव्हे

(पत्रलेखिकेच्या विनंतीवरून ओळख पटेल असा तपशील वगळून पत्राचा सारांश देत आहोत.)

मी सेहेचाळीस वर्षांची असून ठाण्यात पाचपाखाडीला राहते आणि महापे येथील एका कंपनीच्या लेखा विभागात काम करते. माझे शालेय शिक्षण मराठी माध्यमात झाले. हिशेबाच्या कामात आजवर मला कुणी नाव ठेवलेले नाही. पण गेल्या वर्षी आमचा विभाग इंग्लंडमधील कार्यालयाला जोडला गेल्यापासून तिथल्या वरिष्ठांशी रोज बोलावे लागते आणि त्यांच्या तोंडचे वाक्प्रचार मला हमखास गोत्यात आणतात. एकदा त्यांनी ‘कॅन आय बेंड युअर इअर आफ्टर लंच?’ असा निरोप पाठवला. आता आपला कान पिरगळला जाणार या धास्तीने मी डबासुद्धा उघडला नाही. प्रत्यक्षात त्यांना एका पुरवठादाराच्या थकलेल्या बिलांबाबत माझा सल्ला हवा होता. पुढे एका चुकीचे खापर माझ्यावर फुटले, तेव्हा ‘समबडी हॅज फिल्ड युअर इअर्स’ असे मी त्यांना लिहिले. त्यांना त्याचा अर्थच लागला नाही आणि शेजारी बसणारा तरुण सहकारी ते वाचून सर्वांदेखत हसला. सर्वांत वाईट म्हणजे गणपतीसाठी मी आठ दिवसांची रजा मागितली, त्यावर ते ‘आय हिअर यू’ म्हणाले, मी निर्धास्तपणे कोकणची तिकिटे काढली, आणि आता त्याच आठवड्याच्या कामवाटपात माझे नाव आहे. मुलीने पाचशे इंग्रजी वाक्प्रचारांचे पुस्तक आणून दिले आहे. स्टेशनजवळच्या एका संभाषण वर्गाची चौकशीही मी केली आहे. कधी वाटते, इंग्रजी बोलावे लागणार नाही अशी छोटी नोकरी पाहावी. माझा कानच इंग्रजीला तयार नाही. हल्ली मी टीव्हीचा आवाज फार वाढवते अशीही घरात तक्रार आहे, आणि ‘आईचे दोन्ही कान मराठी माध्यमाचे’ असे मुले चिडवतात. पुस्तक पाठ करू, वर्ग लावू की नोकरी बदलू?

ताई, सप्रेम नमस्कार.

तुम्ही सांगितलेल्या दोन प्रसंगांत साहेबांची इंग्रजी वाक्ये तुम्ही अक्षरशः जशीच्या तशी उतरवली आहेत, त्यामुळे कान तयार नसल्याचा तुमचा निष्कर्ष मला पहिल्या वाचनातच पटला नाही. ज्याला शब्दच पकडता येत नाहीत, त्याला वाक्य महिनोन्‌महिने लक्षात ठेवता येत नाही. तुमच्यापर्यंत शब्द पूर्ण पोचले आणि मग त्यांचा अर्थ तुम्ही मराठीला विचारला. मराठीने तो मोठ्या आत्मविश्वासाने सांगितला, कारण कान या विषयावर मराठीकडे सांगण्यासारखे खूप आहे.

आपल्याकडे कान हा बहुतेक वेळा वडीलधाऱ्यांच्या हातात असतो. ते तो उपटतात, पिळतात, टोचतात, आणि फारच झाले तर कानउघाडणी करतात. दुसरीकडे कान ही चहाडीची वाट आहे. तो भरता येतो, फुंकता येतो, आणि ज्याचा लवकर भरतो त्याला आपण हलक्या कानाचा म्हणतो. इंग्रजीतही रागावून कानशिलात देण्याचे वाक्प्रचार आहेत; पण कार्यालयीन इंग्रजीतला कान प्रामुख्याने लक्ष या अर्थाने येतो, आणि हे लक्ष जवळजवळ पैशासारखे वापरले जाते. ते मागता येते, मिळवता येते, उसने घेता येते. शेक्सपिअरच्या ज्यूलिअस सीझरमधील अँटनी रोमच्या लोकांकडे कान मागतो तेव्हा ‘लेंड’ हे क्रियापद वापरतो, म्हणजे उसने द्या म्हणतो. आपण मात्र ‘कान द्या’ असे म्हणून ते परत करण्याचा विषयच काढत नाही. ‘शी हॅज द डिरेक्टर्स इअर’ हे वाक्य कानावर आले तर तिथे कुणाचा कान कुणी धरलेला नसतो. संचालक तिच्या शब्दाला मान देतात, एवढाच त्याचा अर्थ.

आता ‘बेंड युअर इअर’ पाहा. बोलून बोलून समोरच्याचा कान वाकवणे, अशी ती कल्पना आहे, आणि जो ते करणार आहे तोच आधी कबुली देऊन परवानगी मागतो. मराठीत याला तंतोतंत जोड आहे: ‘जेवण झाल्यावर पाच मिनिटे तुमचे डोके खाऊ का?’ हा धमकीचा निरोप नव्हता, आर्जव होते. हेच वाक्य तुम्ही मराठीतून शब्दशः इंग्रजीत करून त्यांना पाठवले असते, तर त्या दिवशी उपाशी राहण्याची पाळी त्यांच्यावर आली असती.

‘फिल्ड युअर इअर्स’ची गोष्ट थोडी वेगळी आहे. कानातून विष जाते ही कल्पना इंग्रजीला परकी नाही. हॅम्लेटच्या वडिलांचा खून त्यांच्या सख्ख्या भावाने झोपेत कानात विष ओतून केलेला असतो. पण नुसते कान ‘भरले’ म्हटल्यावर कशाने भरले, हा प्रश्न इंग्रजी वाचकाला पडतो, कारण चहाडी हा अर्थ त्या क्रियापदाला तिथे चिकटलेला नाही. तुम्हाला जे सांगायचे होते ते ‘समवन हॅज गिव्हन यू द राँग इम्प्रेशन अबाउट धिस’ एवढ्या साध्या वाक्यात मावले असते. त्यात कुणावर थेट आरोपही होत नाही, आणि माझ्या मते लेखी तक्रारीत तो करूही नये.

‘आय हिअर यू’वर मात्र थोडे थांबायला हवे, कारण तिथे चूक अधिक सूक्ष्म आहे आणि तुमच्यासारख्या अनेकांची ती होते. मराठीत ‘ऐकू येणे’, ‘ऐकून घेणे’ आणि ‘ऐकणे’ अशा तीन पायऱ्या आहेत. ‘त्याला ऐकू येत नाही’ हे डॉक्टरांना सांगायचे वाक्य आहे, ‘तो ऐकून घेत नाही’ हे भांडणातले, आणि ‘मुलगा माझे ऐकत नाही’ हे आज्ञा न पाळण्याविषयीचे. म्हणून ‘साहेबांनी माझे ऐकले’ याचा मराठी अर्थ साहेबांनी ते मान्य केले असा होतो. इंग्रजी ‘हिअर’ मुळात पहिल्या पायरीवरचे क्रियापद आहे. ‘आय हिअर यू’ म्हणणारा माणूस फार तर दुसऱ्या पायरीपर्यंत येतो: तुमचे म्हणणे माझ्यापर्यंत पोचले, तुमची अडचण मला समजली. तिसऱ्या पायरीवर तो चढलेला नसतो, आणि अनुभव असा की या वाक्यामागून एखादा ‘बट’ येतोच, कधी उच्चारून तर कधी मनातल्या मनात. इंग्रजीत न्यायालयीन सुनावणीला ‘हिअरिंग’ म्हणतात, आणि आपला शब्दही ऐकण्यावरूनच आला आहे. ठाण्याच्या न्यायालयात एकदा तरी तारखेला उभ्या राहिलेल्या माणसाला सुनावणी झाली म्हणजे निकाल लागला असे चुकूनही वाटत नाही. तुमच्या रजेची सुनावणी झाली आहे, निकाल बाकी आहे. साहेबांनी तुम्हाला फसवले, असे यावरून म्हणता येणार नाही. याच्या उलट ‘आय वोन्ट हिअर ऑफ इट’ असे कुणी म्हणाले, तर तो मात्र साफ नकार समजावा.

याच भेदातून आणखी एक रोजची अडचण सुटते. दूरस्थ बैठकीत आपल्यापैकी पुष्कळ जण ‘आर यू हिअरिंग मी?’ असे विचारतात. ऐकू येणे ही आपण ठरवून करण्याची क्रिया नसल्यामुळे इंग्रजीत तिथे ‘कॅन यू हिअर मी?’ असे विचारतात, आणि आवाज पोचला नाही तर ‘आय कान्ट हिअर यू’ म्हणतात. ‘मला ऐकू येते का’ आणि ‘मी ऐकतो आहे का’ हे मराठीत तुम्ही कधीच एकमेकांत मिसळणार नाही. तोच विवेक तिथे चालवायचा आहे.

तुमच्या पत्रात न लिहिता गृहीत धरलेली एक गोष्ट अशी की, इंग्रजी माध्यमात शिकलेल्यांना हे सारे जन्मजात ठाऊक असते. हसलेल्या त्या सहकाऱ्याला एकदा सहज विचारा की, नवख्या माणसाला इंग्रजीत ‘वेट बिहाइंड द इअर्स’ का म्हणतात. नुकत्याच जन्मलेल्या वासराच्या कानामागचा ओलावा सर्वांत शेवटी वाळतो, असे त्याचे स्पष्टीकरण सांगितले जाते. आपण ‘ओठ पिळले तर दूध निघेल’ म्हणतो, तोच भाव. त्याला हे ठाऊक असण्याची शक्यता कमीच आहे, आणि ठाऊक नसणे हा काही गुन्हाही नाही. मी स्वतः अनेक वर्षे भाषांतरे केली आहेत, आणि सुरुवातीच्या काळात शेतीविषयक एका पुस्तिकेत मक्याच्या ‘इअर’चे भाषांतर मी चक्क कान असे करून ठेवले होते. छपाईआधी एका वयस्कर मुद्रितशोधकांनी समासात फक्त ‘कणीस!’ असे लिहून ते परत पाठवले. नंतर शोधल्यावर कळले की, धान्याचा ‘इअर’ आणि ऐकण्याचा ‘इअर’ हे जुन्या इंग्रजीत दोन वेगळे शब्द होते आणि काळाच्या ओघात उच्चार घासून ते एकसारखे दिसू लागले. तेव्हापासून माझ्या कानाला खडा आहे: ओळखीचा शब्द अनोळखी जागी भेटला की आधी थांबायचे.

दुसरे गृहीतक असे की, चांगल्या इंग्रजीसाठी वाक्प्रचार वापरावेच लागतात. समजणे आणि वापरणे या दोन गोष्टी तुम्ही एकत्र केल्या आहेत. साहेब काय म्हणाले हे समजलेच पाहिजे. पण आपण लिहिताना साधे, सरळ इंग्रजी लिहिले तर त्यात कमीपणा नाही. खुद्द ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळासाठी लिहिणाऱ्यांना दिलेल्या सूचनांमध्ये रूपके टाळावीत असे सांगितले आहे, कारण त्यांतून म्हणायचे ते नेमकेपणाने पोचत नाही. आकड्यांच्या कामात तर हे दुप्पट खरे आहे.

यावरून पाचशे वाक्प्रचारांच्या पुस्तकाविषयी माझे मत तुमच्या लक्षात आले असेलच. मुलीने प्रेमाने आणले आहे, ते घरात असू द्या. पण पाठ करू नका. अशा यादीत रोज लागणारे आणि आयुष्यात एकदाही न भेटणारे वाक्प्रचार एका ओळीत, एकाच तोऱ्यात उभे असतात. एका कार्यालयात तीच माणसे तेच बोलतात, आणि माझ्या अंदाजाने तुमच्या साहेबांच्या पोतडीत वीस-पंचवीसच ठेवणीतले वाक्प्रचार असतील. एक छोटी वही करा आणि त्यात वाक्प्रचाराबरोबर तो कोण, कुठल्या संदर्भात म्हणाले आणि त्यानंतर प्रत्यक्षात काय घडले, हेही लिहा. ही तिसरी नोंद सर्वांत मोलाची, कारण अर्थ पुष्कळदा त्या घडण्यातच उघड होतो. ठाण्याहून गाडीत बसायला मिळाले तर कोपरखैरण्यापर्यंतचा वेळ या वहीला पुरेसा आहे.

वही भरू लागली की तुमच्या लक्षात येईल की, काही वाक्प्रचार शिकावेच लागत नाहीत. ‘वॉल्स हॅव इअर्स’ म्हणजे भिंतीला कान असतात. ‘इन वन इअर अँड आउट द अदर’ म्हणजे या कानाने ऐकून त्या कानाने सोडून देणे. काहींचा वेश बदललेला असतो, पण माणूस ओळखीचा निघतो. ‘आय ॲम ऑल इअर्स’ म्हणणारा कानात प्राण आणून ऐकायला बसलेला असतो, ‘इअर टु द ग्राउंड’ म्हणजे कानोसा घेत राहणे, आणि कामात आपण गळ्यापर्यंत बुडतो तिथे इंग्रज कानापर्यंत बुडतो, म्हणजे पाणी थोडे वर चढते इतकेच. ‘लेट्स प्ले इट बाय इअर’ याचा दूरध्वनीशी काही संबंध नाही. समोर लिहिलेली स्वरलिपी न ठेवता नुसत्या कानाच्या भरवशावर वाजवणे हा त्याचा मूळ अर्थ, आणि बैठकीत त्याचा मतलब ‘आत्ता काही ठरवायला नको, ऐनवेळी पाहू’ असा असतो. चोरून ऐकण्यासाठीचा ‘ईव्ह्‌ज्‌ड्रॉप’ हा माझा विशेष आवडता शब्द आहे. त्यातले ‘ईव्ह्‌ज’ म्हणजे आपली वळचण, आणि जिथे पागोळ्या पडतात त्या जागी भिंतीलगत उभे राहून घरातले बोलणे ऐकणारा, असे त्याचे मूळ चित्र आहे. नौपाड्यात, चरईत कौलारू घरे होती तेव्हा हा शब्द कुणालाही एका वाक्यात समजावता आला असता. आता विसाव्या मजल्यावर राहणाऱ्या मुलांना आधी वळचण समजावून सांगावी लागते.

खरे जपून राहायचे ते ओळखीचा चेहरा घेऊन येणाऱ्या फसव्या वाक्प्रचारांपासून. कान टोचणे म्हणजे आपल्याकडे योग्य शब्दांत समज देणे, पण ‘इअर-पिअर्सिंग’ म्हणजे कर्णकर्कश. कानांवर हात ठेवून आपण ‘मला यातले काही ठाऊक नाही’ असे सांगतो. इंग्रजीत कान झाकणारा मात्र ऐकायलाच तयार नसतो. ‘इअरफुल’ हा शब्द कान भरून संगीत ऐकल्यासारखा गोड वाटतो, आणि निघते ती चांगलीच कानउघाडणी. असे शब्द वहीत लाल शाईने लिहावेत.

मराठीकडून इंग्रजीकडे जाताना अडलात, तर पायाशीच मराठी ग्रंथसंग्रहालय आहे. 1893 साली स्थापन झालेल्या ठाण्याच्या या संस्थेत मोल्सवर्थचा कोश पाहायला मागा. त्या मराठी-इंग्रजी कोशाच्या 1857 च्या दुसऱ्या आवृत्तीत ‘कान’ या शब्दाखाली आपल्या वाक्प्रचारांचा मोठा संसार इंग्रजीत उलगडलेला आहे. त्यातले इंग्रजी आता जुने झाले आहे, म्हणून वाक्ये उचलू नयेत. पण आपला वाक्प्रचार दुसऱ्या भाषेत समजावून सांगायचा कसा, याचा तो वस्तुपाठ आहे.

संभाषण वर्गाविषयी एवढेच सांगतो की, पैसे भरण्यापूर्वी एक तास बसून पाहण्याची परवानगी मागा. तिथे विद्यार्थी बोलत असतील तर जा. शिक्षकच बोलत असतील आणि फळ्यावर याद्या असतील, तर ते मुलीच्या पुस्तकाचेच महागडे रूप आहे. नोकरी बदलण्याचा विचार या कारणासाठी तरी बाजूला ठेवावा. ज्या बाईंना साहेब बिलांबाबत सल्ला विचारतात, त्यांचे स्थान तिथे कच्चे नाही. सहकाऱ्याचे सर्वांदेखत हसणे तुम्हाला लागले असेल तर ते गिळण्याचेही कारण नाही. त्याला एकट्याला गाठून, आवाज न चढवता, चूक दिसली तर मला येऊन सांगत जा, असे सांगावे. बहुतेक तरुण मुले एवढ्याने ओशाळतात.

आता थोडे खऱ्या कानाविषयी. टीव्हीच्या आवाजाचा उल्लेख तुम्ही जाता जाता केला आहे, पण मी तो कानाआड करणार नाही. पुढच्या आठवड्यात स्वतःची एक परीक्षा घ्या. बैठकीत एखादे वाक्य कळले नाही, तर ते शब्द मनात जसेच्या तसे म्हणता येतात का पाहा. म्हणता आले तर अडचण भाषेची आहे. शब्दच निसटत असतील, विशेषतः मराठीत फोनवर बोलतानाही तसेच होत असेल, तर ती अडचण ध्वनियंत्रणेची किंवा कानाची असू शकते. वयोमानाने किंवा सततच्या गोंगाटाने श्रवणशक्ती उतरू लागते तेव्हा बहुधा उंच पट्टीतले ध्वनी आधी पुसट होतात; ‘स’, ‘फ’, ‘थ’ यांसारखी व्यंजने त्यांतच मोडतात, त्यामुळे आवाज येतो पण शब्द लागत नाही, आणि अनोळखी भाषेत तर तो मुळीच लागत नाही. कधी कारण कानातल्या साचलेल्या मळाइतके किरकोळही असते. कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून ऑडिओमेट्री ही वेदनारहित चाचणी करून घ्या. महापालिकेच्या कळवा येथील छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात हा विभाग आहे, आणि वांद्रे येथे अली यावर जंग यांच्या नावाची, वाचा व श्रवण या विषयाला वाहिलेली राष्ट्रीय संस्था 1983 पासून आहे. चाचणीत काही निघाले, तर मुलांची ती थट्टा आपोआप थांबेल. काही निघाले नाही तरी ती थांबवावी, असे माझे मत आहे. याच कारणाने ‘फेल ऑन डेफ इअर्स’सारखे वाक्प्रचारही मी स्वतः टाळतो, कारण ऐकू न येणे आणि मुद्दाम न ऐकणे यांची त्यात गल्लत होते, आणि ती ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्या वाट्याला येते.

राहिली रजा. तुमच्या खात्यात रोज उच्चारला जाणारा ‘ऑडिट’ हा शब्द ऐकणे या अर्थाच्या लॅटिन क्रियापदापासून आला आहे, कारण पूर्वी हिशेब मोठ्याने वाचले जात आणि तपासणारा ते ऐकत असे. पण आज कुणी पुरवठादाराने बिल नुसते वाचून दाखवले, तर तुम्ही व्हाउचरशिवाय नोंद करणार नाही. साहेबांच्या तोंडी शब्दावर तिकिटे काढताना तुम्ही नेमकी तीच नोंद केली. म्हणून उद्या सकाळी, कामवाटपाची तक्रार न करता, तारखा घालून त्यांना दोन ओळी लिहा: ‘व्हेन वी स्पोक अबाउट माय लीव्ह, यू सेड यू हर्ड मी. कुड यू प्लीज कन्फर्म इफ द लीव्ह इज अप्रूव्ह्ड?’ त्याखाली सप्टेंबरअखेरच्या तिमाही हिशेबातले तुमचे कोणते काम जाण्याआधी पूर्ण होईल आणि कोणते कोण पाहील, हे लिहा. तेवढी तयारी दिसली की होकार देणे त्यांनाही सोपे जाईल. उत्तर पुन्हा ‘आय हिअर यू’ असेच आले, तर तिकिटे लगेच रद्द करू नका. त्याच मेलखाली एका ओळीत विचारा: ‘इज दॅट अ येस?’